दक्षिण सुदानमधली शांतिसेना: तळाचं फाटक उघडलं, त्यानंतरचे तपशील

वाटसरू (धागाकर्ता)

१५ डिसेंबर २०१३ च्या रात्री राजधानी जुबामध्ये राष्ट्राध्यक्षांच्या रक्षकदलातच गोळीबार सुरू झाला. दोन दिवसांत तो शहरभर पसरला आणि महिना संपायच्या आत बोर, मलाकाल, बेंटिऊ ही शहरं पेटली. राष्ट्राध्यक्ष सल्वा कीर यांना मानणारं सैन्य एकीकडे, पदावरून काढलेले उपराष्ट्राध्यक्ष रिएक माचार यांना मानणारे दुसरीकडे. कीर डिंका जमातीचे, माचार नुएर; या दोन्ही जमातींच्या लोकांना नुसत्या भाषेवरून ओळखून मारलं जाऊ लागलं. स्वातंत्र्य मिळून अडीच वर्षंही झाली नव्हती.

संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना, म्हणजे अनमिस, तिथे ८ जुलै २०११ च्या ठराव क्रमांक १९९६ नुसार होती. ७,००० सैनिक, ९०० पोलीस. काम होतं सरकार उभं करायला मदत करण्याचं: पोलीस प्रशिक्षण, प्रशासन, कायदा. थोडक्यात, सरकारच्या शेजारी उभं राहायला आलेली माणसं. डिसेंबरनंतर लोक त्याच सरकारच्या सैनिकांपासून पळून तळाच्या फाटकाशी आले. फाटकं उघडली गेली. काही दिवसांत हजारोंनी आणि पुढे २०१५ पर्यंत दोन लाखांहून जास्त माणसं तळांच्या कुंपणाआत राहत होती. त्यांना 'नागरिक संरक्षण स्थळं' म्हटलं गेलं; सगळे पीओसी म्हणतात, मीही तेच लिहितो.

२४ डिसेंबरला सुरक्षा परिषदेने ठराव २१३२ करून मर्यादा १२,५०० सैनिक आणि १,३२३ पोलिसांवर नेली. मे २०१४ च्या ठराव २१५५ ने सरकार-उभारणीचं काम काढून टाकलं आणि नागरिकांचं संरक्षण पहिल्या क्रमांकावर आणलं.

आपल्याकडच्या बातम्यांत एक तर 'भारतीय जवानांचं शौर्य' येतं किंवा 'शांतिसेना अपयशी' येतं. या दोन्हींतून काही कळत नाही. कुंपण, माणसं, हुकूम, परवानग्या, पाणी, दवाखाना: यातलं काय तुटतं, केव्हा आणि का, हे जाणकारांनी इथे आकड्यांसह लिहावं. मतं चालतील, पण आधी तपशील.

---

खडीकरण

कुंपणापासून सुरुवात करतो, कारण तिथल्या निम्म्या अडचणी मातीतून येतात.

वरच्या नाईल खोऱ्यातली आणि जोंगलेई राज्यातली बरीचशी जमीन काळी, फुगणारी चिकणमाती आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको: उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा, पहिल्या पावसानंतर चाकाला चिकटून बसणारा चिखल. आपल्याकडे मात्र दहा-वीस किलोमीटरवर मुरूम किंवा काळा दगड सापडतो. मलाकाल-बेंटिऊ पट्ट्यात शेकडो किलोमीटर सपाट गाळ आहे. खडी आणि मुरूम बाहेरून आणावा लागतो, आणि तो आणण्याचा रस्ताही त्याच मातीचा.

तळाभोवतीचं संरक्षण साधारण चार थरांत असतं. सगळ्यात बाहेर मोकळी पट्टी, म्हणजे गवत-झुडूप कापून ठेवलेली जागा. मग चर. चरातून निघालेल्या मातीचा बांध. बांधावर किंवा त्याच्या आत काटेरी तारेची वेटोळी, तीन वेटोळ्यांचा पिरॅमिड: खाली दोन, वर एक. फाटक आणि टेहळणी मनोरे यांच्याभोवती हेस्को. हेस्को म्हणजे तारेच्या जाळीची घडीची खोकी, आतून जिओटेक्स्टाइल कापडाचं अस्तर, आत माती भरायची. सगळ्यात जास्त वापरात असलेला नग १.३७ मीटर उंच, १.०६ मीटर रुंद आणि १० मीटर लांब. एका नगात सुमारे साडेचौदा घनमीटर भर बसते.

आता हिशोब. रायफलीच्या गोळीपासून आडोसा हवा तर एक ओळ पुरते. रॉकेटचा धोका धरला तर खाली दोन, वर एक अशा तीन ओळी लागतात. म्हणजे १०० मीटरला ४३५ घनमीटर भर. १० घनमीटरचा टिपर धरला तर ४४ खेपा, आणि सैल मातीचं माप जास्त धरायचं तर पन्नासच्या पुढे.

बिघडतं ते असं. जवळचीच काळी माती भरतात, कारण दुसरी नसते. पाऊस पडला की ती फुगते, जाळीची पोटं बाहेर येतात, सांध्यांच्या पिना वाकतात. कोरडी झाली की आकसते, वर पोकळी राहते, त्यात पुढचं पाणी साठतं. दोन पावसाळ्यांत ओळ झुकते. दुसरं, उन्हाने कापड कुजतं. फाटलेल्या ठिकाणाहून माती गळते आणि मधलं खोकं अर्धं रिकामं होतं. बाहेरून ते दिसत नाही. उपाय माहीत आहेत: वाळू किंवा मुरूम भरणे, तळाशी अर्धा फूट खडीचा थर, वरून ताडपत्री किंवा उतार दिलेली मातीची टोपी, आणि दर पावसाळ्याआधी काठीने ठोकून तपासणी. पण ज्या महिन्यांत हे करायचं, म्हणजे डिसेंबर ते एप्रिल, त्याच महिन्यांत रस्ते उघडे असतात, आणि तेव्हाच सगळी यंत्रं रस्त्यांवर लागतात. पोकलेन एकच असतो आणि मागणी चार ठिकाणांहून.

---

सुनेत्रा_क

एका लाखाच्या छावणीला असं पूर्ण हेस्कोचं कुंपण घालणं शक्य आहे का? कितीचा घेर धरायचा?

---

खडीकरण

छावणीची जागा मानवतावादी मदतीच्या 'स्फिअर' मापदंडाने माणशी ४५ चौरस मीटर धरतात. त्यात रस्ते, संडास, पाण्याची टाकी, शाळा सगळं आलं. एक लाख माणसांना साडेचार चौरस किलोमीटर लागतात. चौकोनी धरलं तर बाजू २.१२ किलोमीटर, घेर साडेआठ किलोमीटर. तीन ओळींचं हेस्को घातलं तर सुमारे ३७,००० घनमीटर भर, म्हणजे टिपरच्या ३,७०० खेपा. चार टिपर दिवसाला प्रत्येकी आठ खेपा करतात असं मानलं तरी जवळजवळ चार महिने, एकही दिवस बंद न ठेवता. कोरडा हंगामच तेवढा असतो.

म्हणून प्रत्यक्षात हेस्को फक्त फाटक आणि मनोऱ्यांपाशी, बाकी घेर चर-बांध-तार. आणि तार म्हटली की ती कापता येते. मलाकालला २०१६ मध्ये कुंपणाला भोकं होती आणि ती आधीपासून माहीत होती. तार हा अडथळा आहे, पण पाहणारा डोळा आणि मारणारं हत्यार त्या तारेवर असेल तरच. डोळा नसलेली तार वीस मिनिटांची.

एक भर: प्रत्यक्षात माणशी ४५ चौरस मीटर सुरुवातीला कुठेच मिळाले नाहीत. तळ सैनिकांसाठी आखलेले होते.

---

पिंपळपान

"पाहणारा डोळा" यावरून माणसांचा हिशोब मांडतो. ठरावात १२,५०० लिहिलं की लोकांना वाटतं तेवढे सैनिक लढायला उभे आहेत.

संयुक्त राष्ट्रांची नेहमीची पायदळ बटालियन ८५० ची असते. त्यातून मुख्यालय, स्वयंपाकी, चालक, मेकॅनिक, दूरसंचार, दवाखाना वजा केले की पायी उभे राहणारे साधारण पाचशे. एका मनोऱ्यावर एका वेळी दोघे, आठ तासांच्या तीन पाळ्या, म्हणजे सहा. रजा, आजारपण, मलेरिया धरून आठ. वीस मनोरे असले की १६०. दोन फाटकं, प्रत्येकी एका पाळीत दहा, म्हणजे आणखी साठ-सत्तर. तातडीच्या मदतीची पलटण ३५ ची, आणि तिची बदली ठेवायची तर ७०. पाण्याचे टँकर, अन्नाचे ताफे, सरपणाला जाणाऱ्या बायकांसोबतची गस्त यांना शंभर. उरले शंभर. हीच माणसं तळाबाहेर शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या गावांत गस्तीला पाठवायची.

त्यामुळे पीओसी जेवढी मोठी, तेवढी बाहेरची गस्त कमी. देश महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा, जवळपास साडेसहा लाख चौरस किलोमीटर. कुंपणाआत दोन लाख सांभाळताना बाहेरचे लाखो लोक दिसेनासे होतात. मला हा या मोहिमेतला सगळ्यात अवघड पेच वाटतो आणि सैनिक दुप्पट करूनही तो पूर्ण सुटत नाही.

आणि १२,५०० हा आकडा ठराव झाल्याच्या दुसऱ्या दिवशी उभा राहत नाही. देशांना विचारणा, तुकडीच्या गरजांचा तक्ता, सामंजस्य करार, पाहणी पथक, जहाजाने गाड्या मोंबासाला, तिथून युगांडामार्गे निमुले आणि जुबा. दीड हजार किलोमीटरांहून जास्त रस्ता. डिसेंबर २०१३ मध्ये तातडी म्हणून काँगो, दार्फुर, अबेई, आयव्हरी कोस्ट आणि लायबेरिया इथल्या मोहिमांतून तुकड्या उसन्या घ्यायला परवानगी दिली, तरी महिने गेले.

---

न्यायखूण

आता हुकुमाचा भाग. "हातात बंदुका असून गोळी का चालवत नाहीत?" हा प्रश्न या विषयावरच्या प्रत्येक चर्चेत येतो.

कागदावर अडचण नाही. ठराव संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या सातव्या प्रकरणाखाली, म्हणजे बळ वापरायची मुभा देणाऱ्या प्रकरणाखाली आहे, नागरिकांवर प्रत्यक्ष धोका असेल तर 'सर्व आवश्यक साधनं' वापरता येतात, आणि हल्लेखोर सरकारी सैनिक असला तरीही. बळाच्या वापराचे नियम छापील असतात, प्रत्येक सैनिकाच्या खिशात त्यांचं कार्ड असतं: तोंडी इशारा, हत्यार दाखवणं, हवेत गोळी, मग नेम धरून गोळी. वेळ नसेल तर पायऱ्या गाळता येतात. शत्रुत्वाची कृती होण्याची वाट पाहायची नसते, हेतू दिसला तरी पुरे.

तरी १७ फेब्रुवारी २०१६ च्या रात्री मलाकालच्या पीओसीत काय झालं? आतल्या शिल्लुक (तिथली आणखी एक जमात) आणि डिंका वस्त्यांमध्ये चकमक सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सरकारी गणवेशातले हत्यारबंद लोक कुंपणाच्या भोकातून आत आले. झोपड्या पेटवल्या. तीसच्या आसपास विस्थापित मारले गेले, वस्तीचा मोठा भाग जळाला. हल्लेखोरांना हटवायला कित्येक तास लागले. नंतरच्या चौकशांत आलं की गोळी चालवायला लेखी परवानगी मागितली गेली, आणि बळाच्या नियमांबद्दल व हुकुमाच्या साखळीबद्दल गोंधळ होता. नियम तर स्पष्ट होते. गोंधळ येतो कुठून?

त्याचं मूळ असं. फोर्स कमांडरकडे, म्हणजे मोहिमेच्या लष्करी प्रमुखाकडे, तुकड्यांचं 'कार्यकारी नियंत्रण' असतं, पूर्ण कमांड नसते. बढती, शिस्त, कोर्ट मार्शल, सगळं मायदेशाकडे. तुकडीच्या कमांडरकडे दोन फोन असतात: एक जुबाला, एक राजधानीला. आपला सैनिक मेला तर राजधानी विचारणार. नागरिक मेले तर कोण विचारणार, हे कुठेच लिहिलेलं नाही. काही देश तुकडी देतानाच अटी घालतात, काही लेखी आणि काही न सांगता. न सांगितलेल्या अटी घातक, कारण त्या गोळीबार सुरू झाल्यावरच कळतात.

जुलै २०१६, जुबा, हे दुसरं उदाहरण. ८ ते ११ जुलै शहरात कीर आणि माचार यांच्या फौजा लढल्या. यूएन हाऊस या मोहिमेच्या जुबातल्या तळाच्या परिसरात चीन, इथिओपिया, नेपाळ आणि भारत यांच्या मिळून १,८०० हून जास्त पायदळ सैनिक होते. त्यांना परस्परविरोधी हुकूम गेले. चिनी बटालियनच्या कमांडरलाच स्वतःची बटालियन सांभाळून सगळ्यांचा घटना-कमांडर नेमलं होतं. दोन चिनी सैनिक चिलखती गाडीवर रॉकेट पडून मारले गेले. ११ तारखेला किलोमीटरभर अंतरावरच्या 'टेरेन' या निवासी संकुलात मदत-कर्मचाऱ्यांवर सरकारी सैनिकांनी हल्ला, बलात्कार आणि एका पत्रकाराची हत्या केली. मदतीची मागणी प्रत्येक तुकडीकडे गेली, प्रत्येकीने नकार दिला. निवृत्त डच मेजर जनरल पॅट्रिक कॅमर्ट यांच्या चौकशीनंतर केनियाच्या फोर्स कमांडरला हटवलं गेलं आणि केनियाने आपले सैनिक परत नेले. माझ्या मते एकाच माणसावर ते थांबायला नको होतं. बाकीच्या साखळीबद्दल कुणाला जाब विचारला गेला नाही.

---

सह्यकडा

न्यायखूण, तुमचं बरंचसं पटतं. पण लेखी परवानगी मागणं म्हणजे भित्रेपणा असं वाचणाऱ्याला वाटेल, ते अपुरं आहे. १९ डिसेंबर २०१३ ला अकोबोच्या लहानशा तळावर सुमारे दोन हजार हत्यारबंद तरुण चालून आले. आत आसऱ्याला असलेल्या नागरिकांना वाचवताना दोन भारतीय सैनिक मारले गेले. त्याच वर्षी ९ एप्रिलला जोंगलेईत गुमुरुकजवळ ताफ्यावर हल्ला झाला, पाच भारतीय सैनिक आणि सात नागरी कर्मचारी गेले. हे लोक कागदाची वाट पाहत बसले नव्हते.

अडचण आकारमानाची आहे. चाळीस-पन्नास जणांची चौकी, मदत हेलिकॉप्टरने यायला अर्धा दिवस, आणि समोर हजारो. तिथे नियम कितीही स्पष्ट असले तरी गोळ्या संपतात. अकोबोनंतर सगळ्यांनी धडा घेतला की एवढ्या लहान चौक्या ठेवायच्या नाहीत. त्याचा दुष्परिणाम असा की दूरच्या भागातून मोहीम मागे सरकली.

---

न्यायखूण

मान्य. दोन प्रकार वेगळे ठेवू या: जिथे बळ कमी पडलं आणि जिथे बळ असून वापरलं गेलं नाही. अकोबो पहिल्यातलं, मलाकाल आणि जुबा दुसऱ्यातलं. बोर, १७ एप्रिल २०१४, हे दोन्हींच्या मधलं: निवेदन द्यायला आलोय असं दाखवत जमाव फाटकाशी आला आणि आत घुसून गोळीबार केला. चाळीसहून जास्त विस्थापित मारले गेले. सैनिकांनी गोळीबार करून जमाव परतवला, पण फाटकापासून वस्तीपर्यंतचं अंतरच इतकं कमी होतं की पहिल्या काही मिनिटांतच नुकसान झालं. म्हणून खडीकरण म्हणतात ती मोकळी पट्टी आणि दुहेरी फाटक यांना इतकं महत्त्व. निवेदन बाहेरच्या फाटकावर घ्यायचं, आतलं बंद ठेवायचं, दोन फाटकांमध्ये किमान एका ट्रकची लांबी.

---

उडतीवाट

परवानग्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

मोहीम आणि सरकार यांच्यात ऑगस्ट २०११ मध्ये दर्जाविषयक करार झाला. त्यानुसार शांतिसेनेला देशभर मोकळं फिरता येतं, परवानगी लागत नाही, फक्त कळवायचं. पण २१ डिसेंबर २०१२ ला जोंगलेईत लिकुआंगोलेजवळ मोहिमेचं हेलिकॉप्टर सरकारी सैन्यानेच पाडलं, चार रशियन कर्मचारी गेले. २६ ऑगस्ट २०१४ ला बेंटिऊजवळ दुसरं पाडलं गेलं, तिघे गेले. त्यानंतर प्रत्येक उड्डाणाआधी 'सुरक्षेची हमी' घेण्याची पद्धत बसली. वैमानिकांच्या जिवासाठी ती हवीच होती. पण कळवण्याचं रूपांतर परवानगीत झालं. हमी मिळाली नाही की उड्डाण नाही; आणि सरकारला एखाद्या भागात काही लपवायचं असेल तेव्हा हमी मिळत नाही.

जमिनीवरही तेच. गस्त नाक्यावर अडते, तिथला अधिकारी म्हणतो जुबाहून फोन आला नाही. गस्तीचा प्रमुख वरती विचारतो, वरचे सरकारला विचारतात, संध्याकाळ होते, गस्त परत फिरते. चांगले गस्तप्रमुख काय करतात? परत फिरत नाहीत. नाक्यापाशीच, सुरक्षित अंतरावर, तंबू ठोकतात. त्यासाठी सोबत शिधा आणि पाणी जास्त हवं. चाळीस माणसांना रोज माणशी दहा लिटर धरून सात दिवसांना २,८०० लिटर, आणि अडकून राहण्याचे तीन दिवस धरले तर ४,०००. ज्या गस्तीने सात दिवसांचंच पाणी घेतलं, तिने वाटाघाटीतला आपला वेळ आधीच घालवलेला असतो.

पावसाळ्यात मात्र हे सगळं थांबतं. मे ते ऑक्टोबरपर्यंत बहुतेक मातीचे रस्ते बंद. मग हेलिकॉप्टर आणि नाईलवरचे बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू होड्या. बार्जचा ताफा मलाकालला पोचायला बरेच दिवस लागतात, नदीकाठच्या प्रत्येक नाक्यावर पुन्हा तीच बोलणी.

---

डॉ_निशिगंध

जखमींचं गणित याच परवानग्यांवर उभं आहे. पद्धत '१०-१-२' ची: दहा मिनिटांत रक्तस्राव थांबवणं, एका तासात प्रशिक्षित उपचार, दोन तासांत शस्त्रक्रियेचं टेबल. बटालियनचा लेव्हल-१ दवाखाना दिवसाला वीस बाह्यरुग्ण पाहतो, पाच जणांना दोन दिवस ठेवू शकतो, शस्त्रक्रिया नाही. लेव्हल-२ ला दिवसाला तीन-चार शस्त्रक्रिया, वीसपर्यंत खाटा. भारताचं लेव्हल-२ रुग्णालय मलाकालला आहे, जुबाला त्याहून थोडं मोठं.

पिबोरसारख्या लांबच्या ठिकाणाहून जखमी आणायचा तर उड्डाण, म्हणजे हमी, म्हणजे तास. रात्री तर बहुतेक धावपट्ट्यांवर उतरताच येत नाही. दोन तासांचा नियम तिथे कागदावर राहतो. म्हणून तुकडी निवडताना प्रत्येक पथकात दाबपट्टी (रक्तस्राव थांबवायला हातापायाला आवळून बांधायचा पट्टा) बांधता येणारे किती, हे डॉक्टरांच्या संख्येपेक्षा जास्त महत्त्वाचं. प्रत्येक सैनिकाकडे स्वतःची दाबपट्टी, एकाच ठरलेल्या खिशात, डाव्या हातानेही काढता येईल अशी. ती पेटीत कुलपात असेल तर असून नसल्यासारखी.

गोळ्यांपेक्षा मलेरियाने जास्त माणसं आडवी होतात. फाल्सिपॅरम प्रकार आहे. प्रतिबंधक गोळी चुकवणारी तुकडी सप्टेंबरमध्ये ओळखू येते. पिंपळपान यांच्या हिशोबातले मनोऱ्यावरचे आठ तेव्हा सहा होतात.

आपल्याकडे फार माहीत नसलेली गोष्ट: भारतीय तुकडीसोबत पशुवैद्यही असतात. जिथे माणसाची पत गाईंवर ठरते आणि भांडणं गुरांच्या चोरीवरून पेटतात, तिथे गुरांचं शिबिर भरवलं की आजूबाजूचे लोक येतात, बोलतात. लांबच्या कोणत्या गावाकडे हत्यारबंद तरुण जमताहेत हे अशा ठिकाणी आधी कळतं.

---

रानवाटा

छावणीच्या आतलं लिहिते.

एक लाख माणसं, माणशी किमान १५ लिटर, म्हणजे रोज पंधरा लाख लिटर. दहा हजार लिटरचे दीडशे टँकर. टँकरवर चालणार नाही, कूपनलिका आणि नळच हवे. २५० माणसांमागे एक नळ. संडास सुरुवातीला पन्नासजणांमागे एक, म्हणजे दोन हजार, आणि पुढे वीसजणांमागे एक, म्हणजे पाच हजार. चिकणमातीत खड्डा शोषत नाही, तो भरतो आणि पावसात वर येतो. २०१४ च्या पावसाळ्यात बेंटिऊत गुडघाभर पाणी होतं, लोक लेकरांना कडेवर घेऊन उभ्याने झोपत होते. मग पूर्ण वस्ती पुन्हा आखून, जमीन उंच करून, नाल्या काढून बसवावी लागली. तो पहिला पावसाळा येणार हे सगळ्यांना माहीत होतं. लोक दोन-तीन आठवड्यांत घरी जातील असं धरून चालल्याने चर वेळेत खणले गेले नाहीत.

सरपण हा दुसरा मोठा प्रश्न. अन्न वाटलं जातं, जळण नाही. बायका कुंपणाबाहेर जातात आणि बाहेर सैनिक त्यांना धरतात. पुरुष गेले तर मारले जातात, म्हणून बायका जातात. यावर सरपण-गस्त सुरू झाली. ती बिघडते कारण वार आणि वाट ठरलेली असते, दबा धरणाऱ्यांनाही कळते. गाड्या पुढे, बायका मागे पायी, भारा बांधेपर्यंत गस्त परत निघालेली. नीट चालवायची तर आदल्या संध्याकाळी बायकांच्या प्रमुखांशी बोलून जागा ठरवायची, सैनिक पायी दोन्ही बाजूंना, शेवटची बाई फाटकात आल्याशिवाय शेवटची गाडी हलवायची नाही. गस्तीत महिला सैनिक असल्या तर काय झालं ते बायका सांगतात, नाहीतर सांगत नाहीत.

आणि गुन्हेगारी. दाट वस्ती, दारू, तरुणांच्या टोळ्या, लपवलेली हत्यारं. मोहिमेकडे न्यायालय नाही, तुरुंग नाही. चोर पकडला तर ठेवायचा कुठे? सरकारी पोलिसांना द्यावा तर नुएर माणूस त्याच सैन्याच्या हाती जातो ज्यापासून तो पळाला. तात्पुरत्या कोठड्या झाल्या, वस्तीतल्या वडीलधाऱ्यांच्या पंचायती चालल्या, पुढे फिरती न्यायालयं आली. तरी बरीच वर्षं सगळ्यात कडक शिक्षा 'कुंपणाबाहेर काढणं' हीच होती, आणि ती काहींच्या बाबतीत मृत्युदंडाइतकी.

२०१८ मध्ये वाऊच्या पीओसीतून घानाच्या पोलीस तुकडीतले ४६ जण लैंगिक शोषणाच्या तक्रारींवरून हलवले गेले. रक्षकच असे निघाले की बायका कोणत्याही गणवेशाकडे तक्रार घेऊन जात नाहीत, आणि मग वरची सगळी व्यवस्था आंधळी होते.

---

अभ्यासक_लातूर

या छावण्यांनी देशाची फाळणीच पक्की केली, असा आक्षेप घेतला जातो. नुएर कुंपणात, डिंका शहरात.

---

वाटसरू

आक्षेपात तथ्य आहे, पण पर्याय काय होता ते त्याच वाक्यात सांगावं लागेल. फाटकं बंद ठेवली असती तर जुबा आणि बेंटिऊत किती मेले असते, हे डिसेंबर २०१३ च्या रस्त्यांवरून कळतं.

सप्टेंबर २०१८ च्या सुधारित शांतता करारानंतर आणि फेब्रुवारी २०२० मध्ये एकत्रित सरकार आल्यावर मोहिमेने कुंपणावरून सैनिक काढायला सुरुवात केली. बोर, वाऊ, जुबा आणि मार्च २०२१ मध्ये बेंटिऊ ही पीओसी साध्या विस्थापित छावण्या झाल्या, पहाऱ्याची जबाबदारी सरकारी पोलिसांकडे गेली. मलाकाल मात्र राहिलं. तेव्हा फोर्स कमांडर लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर होते. २०१९ ते २०२२ या काळात, आणि त्यांच्यानंतर मोहन सुब्रमणियन. मोकळे झालेले सैनिक दूरच्या तात्पुरत्या तळांवर आणि लांब गस्तींवर गेले. पिंपळपान यांच्या पेचावर निघालेला हा सगळ्यात व्यवहार्य तोडगा होता असं मला वाटतं. घाई झाली का? वस्तीतल्या लोकांना तसं वाटत होतं, आणि त्यांचं मत माझ्यापेक्षा वजनदार आहे.

---

खडीकरण

बेंटिऊचं पुढचं लिहायला हवं. २०२१ पासून तिथे असा पूर आला की वर्षभर पाणी ओसरलं नाही. बेंटिऊ आणि शेजारचं रुबकोना गाव बांधांच्या आतलं बेट झालं. सगळं बांधांवर: छावणी, धावपट्टी, रस्ता. मोहिमेच्या पाकिस्तानी इंजिनिअर तुकडीने ते उभारले आणि रोज राखले.

काळ्या मातीचा बांध पाणी अडवतो, पण सुकला की भेगा पडतात आणि पुढच्या लाटेत त्याच भेगांतून झिरपा सुरू होतो. पंधरा-वीस सेंटीमीटरचे थर, प्रत्येक थर ओलसर असताना रोलरने दाबलेला, बाजूचा उतार एकास दोनपेक्षा चढा नको. पाण्याच्या बाजूला लाटांनी माती खचते, तिथे मातीच्या गोण्या. आत साठणाऱ्या पावसाला बाहेर जायला वाट नसते म्हणून चोवीस तास पंप, आणि पंपांना डिझेल, जे बोटीने येतं. उंदीर-घुशींच्या बिळांवर रोज माणूस फिरवायचा. बांध फुटतो तो बहुतेक वेळा अशा लहान गळतीतून. बोटाएवढी धार दिसली की आतल्या बाजूने गोण्यांचं कडं करून पाणी थोडं चढू द्यायचं, दाब कमी होतो. धार नुसती माती टाकून बुजवायला गेलं तर ती शेजारी फुटते.

---

पिंपळपान

पैशाचा भाग थोडक्यात. सैनिकामागे देशाला मिळणारी रक्कम २०१८ पासून महिन्याला १,४२८ डॉलर, २०२२ पासून १,४४८. गाड्या आणि यंत्रांचं भाडं वेगळं: तुकडीने स्वतः दुरुस्ती सांभाळली तर जास्त दर, संयुक्त राष्ट्रांनी सांभाळली तर कमी. दर तिमाहीला तपासणी होते, ठरलेल्या टक्क्याखाली गाड्या बंद असल्या तर भाडं कापलं जातं. त्यामुळे तपासणीच्या आठवड्यात गाड्या चालू दिसतात. गाडी खरोखर चालते का ते चिखलात कळतं, अंगणात नाही. टायर, विंच आणि ओढण्याचे दोर तपासणीच्या यादीत शेवटी असतात आणि गस्त अडते ती त्यांच्यावाचूनच.

---

सुनेत्रा_क

बाहेरून बघणाऱ्या आपल्यासारख्यांनी मोहीम नीट चालली आहे की नाही हे कशावरून ओळखायचं?

---

उडतीवाट

महासचिवांचे नियमित अहवाल सुरक्षा परिषदेकडे जातात, ते सगळ्यांना वाचता येतात. सैनिकसंख्येचा परिच्छेद सोडून द्या. दर्जाविषयक कराराचं उल्लंघन किती वेळा झालं, त्यात अडवलेल्या गस्ती किती आणि नाकारलेल्या उड्डाणहमी किती, आणि कोणत्या राज्यात, ते बघा. मग त्याच अहवालात हिंसेच्या घटनांचा परिच्छेद काढा आणि जिल्ह्यांची नावं शेजारी ठेवा. जिथे हिंसा जास्त आणि गस्ती अडवल्याच्या नोंदी शून्य, तिथे बहुधा गस्त गेलीच नाही. सलग तीन-चार अहवाल असे लावले की कोणता तळ बाहेर पडतो आणि कोणता कुंपणाआत बसून आहे ते दिसायला लागतं. २०२५ च्या मार्चमध्ये नासिरला सरकारी सैनिकांना बाहेर काढताना मोहिमेच्या हेलिकॉप्टरवर हल्ला होऊन कर्मचारी मारला गेला, त्याच्या आधीच्या महिन्यांचे अहवाल अप्पर नाईल राज्यासाठी या पद्धतीने वाचून बघा आणि काय दिसलं ते इथे लिहा.